माठाइतकी गार

सरांबद्दल मी लिहावं की नाही, या विचारात बरेच दिवस गेले. ज्यांना तो हक्क आहे असे आमच्या वर्गातले दुसरे विद्यार्थी आहेत. त्यांच्या वह्या माझ्याहून नीट होत्या, त्यांचं मराठीही माझ्याहून चांगलं आहे, आणि मुख्य म्हणजे त्यांनी सरांचं काही वाईट केलेलं नाही. मी केलं आहे. त्यामुळे हे धाडसच आहे, आणि त्याबद्दल वाचणाऱ्यांची आधीच क्षमा मागतो. सरांची कशी मागायची ते मला अजून सुचलेलं नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील उरणच्या बाजूला मिठागरावर कामाला जातात. बारावीनंतर मी नवीन पनवेलच्या एका कॉलेजात हॉटेल मॅनेजमेंटच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, कारण त्यात नोकरी लवकर लागते असं कुणीतरी सांगितलं होतं. घरी मी सांगितलं होतं की स्वयंपाक शिकतोय. ते अर्धं खरं होतं. उरलेल्या अर्ध्यात सर होते.

सर आम्हाला पहिल्या वर्षी पाहुण्यांना वाढण्याचा विषय शिकवायचे. टेबल मांडणं, नॅपकिनच्या घड्या, सूप कुठल्या बाजूने द्यायचं, हे सगळं ते भराभर उरकत. त्यांचा जीव एकाच धड्यात होता. उन्हाळ्यात वाइन कशी निवडावी आणि कशी वाढावी. पुस्तकात त्याला जेमतेम एक पान होतं. सरांनी त्यावर फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंतचे तास घालवले. कुणी म्हणालंच की सर, हे परीक्षेला येणार नाही, तर ते म्हणायचे, "परीक्षा एकदा येऊन जाईल. उन्हाळा जन्मभर येणार आहे."

ते उंच होते आणि मानेपाशी थोडे वाकलेले. तरुणपणापासून बोटीवर, प्रवाशांच्या जेवणाच्या हॉलमध्ये वाइन वाढण्याचं काम त्यांनी केलं होतं. लग्न केलं नव्हतं. पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट घालायचे आणि डाव्या हातावर कायम एक पांढरा नॅपकिन असायचा. तो ते स्वतः धुऊन, इस्त्री करून आणायचे. बाकी त्यांची सवय सांगायची तर ते दिसेल त्या वस्तूला उजवा हात पालथा करून लावून बघायचे. बाक, भिंत, बसचा दांडा, आमच्या पाण्याच्या बाटल्या, कॅन्टीनमधला चहाचा ग्लास. आई पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघते ना, तसा. मुलं मागे त्यांना तापवाले सर म्हणायची. मीही म्हणायचो.

कॉलेजने त्यांना एक थर्मामीटर आणून दिला होता. तो त्यांनी कपाटात टाकून दिला. "हे नळकांडं पाहुण्यासमोर काढणार आहात का?" असं आम्हालाच विचारलं. आम्ही पाण्याच्या बाटल्या कमीजास्त गार करून त्यांची परीक्षा घ्यायचो. डोळे मिटून ते पालथा हात लावायचे आणि अमुक डिग्री असं सांगायचे. मग आम्ही कपाटातून थर्मामीटर काढून बघायचो. फार तर एका डिग्रीचा फरक निघायचा. ते हात पुसत म्हणायचे, "थर्मामीटर चुकतोय."

या धड्याच्या पहिल्याच तासाला वीज गेली होती. आमचा वर्ग गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. सर आले, हजेरी न घेता बाकांना हात लावत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि विचारलं, "या खोलीचं तापमान काय?"

"गरम, सर."

"किती गरम?"

"लई गरम," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

सर हसले नाहीत. "पुस्तकात लिहिलंय, लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी. ज्याने लिहिलं त्याची खोली थंड देशातली होती. दगडी भिंती, बाहेर धुकं. पनवेलला पत्र्याची शेड आहे हे त्या बिचाऱ्याला काय माहीत? या खोलीतली वाइन दिलीत तर पाहुणा काढा समजून पिईल." मग त्यांनी कोपऱ्यातल्या माठाकडे बघितलं. "घरी उन्हातून कुणी आलं की काय देता?"

"पाणी."

"कुठलं?"

"माठातलं."

"मग लाल वाइन तेवढी गार. माठाइतकी. पांढरी त्याहून गार, फ्रिजमधून काढून पाच मिनिटं झालेल्या ताकासारखी. आणि ग्लासात थोडी ओता, परत या, परत थोडी ओता. भरून ठेवलीत तर निम्मी तापून जाते. लिहून घ्या."

शिकवताना सर आम्हा मुलांना अहोजाहो करायचे. "अहो, तुम्ही, खिडकीजवळचे, जरा पुढे या." पहिल्यांदा मला असं बोलावलं तेव्हा मी मागे वळून बघितलं, हे कुणाला बोलवतायत म्हणून. मला तोवर कुणी अहो म्हटलं नव्हतं.

कॉलेजात खरी वाइन आणायला परवानगी नव्हती. म्हणून सर भंगारवाल्याकडून रिकाम्या बाटल्या आणायचे, घरी धुऊन काढायचे आणि लालसाठी कोकमाचं आगळ पाण्यात घालून भरायचे, पांढरीसाठी फिका चहा. बुचंसुद्धा परत ठोकून बसवायचे. आम्ही त्या बाटल्या उघडून एकमेकांना वाढायचो आणि चव घेतल्यासारखं करायचो. सर समोर पाहुणे होऊन बसायचे आणि तक्रारी करायचे. "अहो, बाटलीला घाम आलाय. तो माझ्या पँटवर पडणार आहे. पुसणार कोण, मी?"

ते सुकापूरला एका तीन मजली इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. बाटल्या न्यायला आम्ही आळीपाळीने तिथे जायचो. खाली घरमालकीण राहायची. तिचं शेत होतं तिथे ही इमारत उभी राहिली होती, आणि पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करणं हे तिचं काम होतं. एकदा मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, बाटल्या किणकिणत खाली उतरत होतो, तर तिने अडवलं.

"काय रं, मास्तर रोज येवढी पितान, तरी पाय कसा लटपटत नाय त्यांचा?"

"मावशी, सर पीत नाहीत. आम्ही यात कोकम भरतो."

"कोकम!" ती म्हणाली. "आमचे मालक पन मला कोकमच सांगायचे."

सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. बाटलीवरून माणूस ओळखायचा तर मी वाईटच दिसणार." खरं म्हणजे घरी एखादी खरी बाटली उघडली तरी ते एक घोट तोंडात घोळवून बेसिनमध्ये थुंकून टाकायचे. गिळलेली मी कधी पाहिली नाही.

निवडायचा धडाही त्यांचा वेगळाच होता. त्यांनी प्रत्येकाला उभं करून विचारलं, मे महिन्यात दुपारी तुमच्या घरी जेवायला काय असतं? आणि त्याच्याबरोबर कुठली वाइन चालेल हे सर सांगणार. कुणी पनीर सांगितलं, कुणी बिर्याणी. माझी पाळी आली. आमच्याकडे तांदळाची भाकरी, सुकट आणि कच्चा कांदा असतो. मी म्हणालो, "डाळ-भात, सर."

सरांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेले. मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन शेडच्या मागे बसलो होतो तर तिथे आले. उघड्या डब्याकडे बघून म्हणाले, "अहो, हे सांगायचं सोडून डाळ-भात काय सांगत होतात? सुकटीसारखं खारट, झणझणीत असलं की सोपं जातं. पांढरी, आंबटसर, हलकी, आणि चांगली गार. सगळ्या वर्गात तुमच्याच घरचं जेवण उन्हाळ्याला बरोबर आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर नमुन्याचं मेनूकार्ड लिहिलं. त्यात पहिल्या ओळीत सुकट आणि तांदळाची भाकरी होती. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. ते माझा मान करत होते हे मला तेव्हा समजलं नाही, किंवा समजलं पण सोसलं नाही.

मिठाचंही तसंच. बाटली गार करताना नुसत्या बर्फात खुपसू नये, निम्मा बर्फ आणि निम्मं पाणी हवं, असं ते शिकवत होते. त्यात मूठभर जाडं मीठ टाकलं तर बाटली फार लवकर गार होते. "जाडं मीठ कुणाच्या घरी आहे?" मी वहीत डोकं घातलं. पण प्रवेशाच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय लिहिलेला होता, आणि सर अर्ज वाचणाऱ्यांपैकी होते. "अहो, तुमच्याकडे डोंगर आहेत मिठाचे, आणि तुम्ही गप्प?" पुढच्या आठवड्यात मी पिशवीभर मीठ नेलं. सरांनी एक खडा उजेडात धरून बघितला. "वडिलांना सांगा, फार सुंदर आहे." मी वडिलांना सांगितलं नाही, कारण मग हे मीठ कशाला लागतं तेही सांगावं लागलं असतं.

सर आमच्याकडे तासावर होते. तासाचे पैसे मिळायचे, सुट्टीत तेही नाहीत. वय झालेलं होतं, बोटीवरचं काम सुटलं होतं, आणि दुसरं काही त्यांना येत नव्हतं. एप्रिलच्या शेवटी त्यांनीच आम्हाला सांगितलं, जरा लाजत, की संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना जूनपासून कायम करायचं म्हटलं आहे. अट एकच. अध्यक्षांच्या एका मित्राच्या मुलाचा साखरपुडा होता. तिथे वाइन वाढायचं काम सरांनी मुलं घेऊन करायचं आणि पाहुणे खूश झाले पाहिजेत. "म्हणजे माझी प्रात्यक्षिक परीक्षा आहे," सर म्हणाले. "तुम्ही पास करा मला."

मित्र म्हणजे आमच्या शेजारच्या गावचे मोठे जमीनवाले. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. सरकारने जमिनी घेतल्यावर त्या पैशांवर ते बिल्डर झाले. मुलीकडचे मुंबईचे, वाइन पिणारे, म्हणून हा घाट. भाऊंनी त्या दिवसापुरता परवानाही काढला होता. वाइन निवडताना मी सरांबरोबर होतो. भाऊ म्हणत होते, "मास्तर, महागातली घ्या. लाल, जड, काय असंल ती. मागं बगू नका."

"भाऊ, मे महिन्यात भरदुपारी पाहुण्याला घोंगडी पांघरायला द्याल का?"

"नाय देनार."

"मग जड नको. हलकी घेऊ. पांढरी जास्त, लाल थोडी, आणि ती मी माठाइतकी गार करून देतो."

भाऊ हसून म्हणाले, "तुमी सांगाल तसं. पन मुलीच्या बापानं नाव ठेवलं नाय पायजे, येवढं बगा."

साखरपुडा दुपारी, भाऊंच्या आंब्याच्या वाडीत होता. गावच्या लोकांसाठी पंगती आणि एका बाजूला मुलीकडच्यांसाठी वेगळा मंडप, पांढरी टेबलं. आम्हाला काळं जाकीट आणि गळ्याला बो. घामाने तो गळ्याला चिकटत होता. सरांनी कामं वाटली. "पांढरी माझ्याकडे, पुढे. लाल तुमच्याकडे, मंडपाच्या मागे," ते मला म्हणाले. "बर्फ, पाणी आणि तुमच्या मिठाची एक मूठ. मी सांगितलं की बाटल्या आत घालायच्या. पंधरा मिनिटं. घड्याळ बघत राहा आणि जागा सोडू नका. हे काम मी दुसऱ्या कुणाला देणार नाही."

त्यांनी खूण केली, मी बाटल्या टबात घातल्या, मूठभर मीठ टाकलं, घड्याळ बघितलं. दोनच मिनिटं झाली असतील, आणि मला वडील दिसले.

भाऊंनी आजूबाजूच्या सगळ्या गावांना बोलावलं असणार हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वडील मिठागरावरच्या दोघांबरोबर येत होते, धुतलेला पांढरा शर्ट, डोक्याला टोपी. हात धुवायचे नळ माझ्या टबाच्या अगदी शेजारी होते. ते तिकडेच येत होते. मी गळ्यात बो घालून दारूच्या बाटल्यांपाशी उभा होतो.

मी काय केलं ते जसं आहे तसं लिहितो. पंधरा मिनिटं थांबणं शक्य नव्हतं. मला वाटलं, जास्त मीठ टाकलं तर बाटल्या आधीच गार होतील आणि आपण लगेच येऊन काढू. मी मिठाची सगळी पिशवी टबात उलटी केली आणि आचाऱ्याच्या टेंपोमागे जाऊन उभा राहिलो.

वडील पहिल्या पंगतीला बसले. त्यांचं हसणं मला ऐकू येत होतं. पंगत उठली की निघतील असं वाटत होतं, पण ते तिघे आंब्याखाली पान खात, गप्पा मारत बसले. मी दोनदा डोकावलो, दोनदा मागे झालो. ते गेले तोवर तासाच्या वर होऊन गेला होता.

टबाला बाहेरून पांढरा थर धरला होता. बाटली उचलली तर बोटं काचेला चिकटली. मी त्या भराभर पुसत असतानाच सर मागे आले. चेहरा घामाने भिजलेला, पण इतका आनंदी मी त्यांना कधी पाहिला नव्हता. पांढरी फार आवडली होती लोकांना. मुलीच्या वडिलांनी दोनदा मागून घेतली होती.

"चला, आता लाल. लोक पांढरीच मागत राहिले म्हणून लांबलं. मघाशी काढून ठेवून आत्ता परत घातल्या होत्यात ना? पंधरा मिनिटं?"

"हो सर. घड्याळ लावून."

सरांनी बाटलीला पालथा हात लावला. थांबले. नॅपकिनने हात पुसला आणि परत लावला. "मला फार गार लागतेय. अहो, नक्की?"

त्या वेळी सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. सर म्हणाले असते, राहू दे उन्हात थोडा वेळ, तोवर पांढरी फिरवू. मला हे सगळं माहीत होतं. मी म्हणालो, "सर, तुमचा हात मघापासून बर्फात आहे ना, म्हणून तसं लागत असेल."

सरांनी आपल्या हाताकडे बघितलं. "असेल," ते म्हणाले. "तसंही असेल."

मुख्य टेबलावर मुलीचे वडील, भाऊ आणि अध्यक्ष शेजारीशेजारी बसले होते. सरांनी बाटली दाखवली, बूच काढलं, मुलीच्या वडिलांच्या ग्लासावर बाटली तिरकी केली. काहीच आलं नाही. आणखी तिरकी केली. मग एकदम लाल बर्फाचा चुरा भसकन ग्लासात पडला, आणि थोडा टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर.

सगळे ग्लासात वाकून बघायला लागले. मग भाऊंच्या माणसांपैकी एकजण ओरडला, "आयला, ह्यो तं कालाखट्टा!"

"मास्तर, काडी लावा काडी! चोखत बसतो!"

"मलाबी एक गोला द्या, लिंबू मारून!"

मंडप हसायला लागला. मुलीचे वडील हसले नाहीत. त्यांनी ग्लास बाजूला सरकवला आणि म्हणाले, "रेड वाइन कोणी बर्फात ठेवतं का? ती रूम टेंपरेचरला द्यायची असते. एवढं तर कुणालाही माहीत असतं."

सर तीन महिने आम्हाला जे सांगत होते ते एका वाक्यात खोटं ठरलं. ते खोटं नव्हतं. खोटा मी होतो, आणि मी चार पावलांवर हातात ट्रे घेऊन उभा होतो.

"सर, हे काय?" अध्यक्ष म्हणाले.

सरांनी सांडलेल्या बर्फावर नॅपकिन टाकला. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "माझ्या हाताला कळलं नाही."

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, त्यांना सगळं कळलंय आणि ते मला वाचवतायत.

त्या संध्याकाळी घरी जेवताना वडील म्हणाले, "भाऊंकडं जेवन झ्याक व्हतं. तू त्या टेंपोमागं कशाला हुबा व्हतास?"

मी कांदा फोडायला घेतला.

"हाक मारनार व्हतो, पन म्हटलं सायब वरडंल तुला. चोरी करत व्हतास का?"

"नाय."

"मग लपत कशाला व्हतास?"

मी ताट उचलून मोरीकडे गेलो. त्यांनी परत विचारलं नाही.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं तेव्हा वेळापत्रकात सरांचं नाव नव्हतं. नवीन सर पुस्तकातून लिहून द्यायचे. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, असं त्यांनी लिहून दिलं, मी लिहून घेतलं, परीक्षेतही तेच लिहिलं. पूर्ण गुण मिळाले.

सुकापूर काही लांब नाही. कॉलेजपासून चालत गेलं तरी पोचतो माणूस. पण सरांना सगळं कळलेलंच आहे, त्यांनी मनातून मला माफही केलेलं असणार, मग सावकाश गेलं तरी चालेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. त्या समजुतीत एक प्रकारचं सुखही होतं, हे लिहायला लाज वाटते. एक मोठा माणूस आपल्यासाठी बोलणी खातो, म्हणजे आपण त्याचे लाडके असणार, असं. एकदा दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्या इमारतीखाली गेलो होतो. वर गॅलरीत त्यांचा शर्ट वाळत होता. घरमालकीण पायरीवर नव्हती, कुणी विचारणारं नव्हतं. जिन्याला हात लावून मी परत फिरलो.

शेवटच्या वर्षी नोकरीची मुलाखत झाली. समोर तिघे बसले होते. एकाने विचारलं, एप्रिल-मे महिन्यात रेड वाइन कशी द्याल? मला दोन उत्तरं येत होती. मी म्हणालो, "माठातल्या पाण्याइतकी गार. आणि थोडी थोडी." ते एकमेकांकडे बघून हसले, पण चांगलं हसले. "हे कुणी शिकवलं?" मी म्हणालो, "आमच्या पहिल्या वर्षाच्या सरांनी." नोकरी मिळाली. त्याच आठवड्यात मी सुकापूरला गेलो. काय सांगायचं ते कागदावर लिहून खिशात ठेवलं होतं, म्हणजे तिथे गेल्यावर जीभ फिरायला नको.

घरमालकीण पायरीवर बसून सुकट निवडत होती. तिने मला ओळखलं नाही. तेव्हा बाटल्या न्यायला खूप मुलं यायची, आणि आता मला मिशी होती.

"मास्तरांकडं? अरं, मास्तर गेले. आठ म्हैने झाले. भैन आल्ती, सामान घेऊन गेली."

मी तिथेच पायरीवर बसलो. तिने आतून पाणी आणून दिलं.

"तुमी पन त्यांच्या कालेजातले का? मग म्हाईत आसंल ना, त्या साखरपुड्यात काय झालं ते. त्यानंतर मास्तर बदललेच. कशाला हात लावून बगायचे नाय. चहा पन बशीत वतून, फुंकून फुंकून, घाबरत पेयाचे. म्हनायचे, मावशी, माजा हात गेला. दागदर म्हनला हात ठनठनीत हाय. पन ऐकतील तर शपथ! खंडाळ्याच्या बाजूचा कुनी हाटेलवाला दोनदा गाडी घेऊन आल्ता, म्हनत व्हता मास्तर चला, हितनंच उचलून नेतो, ऱ्हायला खोली देतो. नाय म्हनले. ज्या हाताचा भरोसा नाय त्यो घेऊन लोकांच्या कामाला जाऊ नये, म्हनले."

"त्यांना कळलं नव्हतं का?" मी विचारलं. "म्हणजे, दुसऱ्या कुणाची चूक असेल..."

"मीच नाय का बोलली तसं? म्हटलं, पोरांनी चुकवलं आसंल कायतरी, तुमी कशाला आपल्यावर घेता? तर रागावले माज्यावर. म्हनले, माज्याजवळ मिठागरावरचा एक मुलगा व्हता, त्यो घड्याळ घेऊन हुबा व्हता. पंधरा म्हंजे पंधरा मिन्टं. त्यो चुकनार नाय, माजाच हात चुकला." तिने सुकटीतला एक खडा बाजूला टाकला. "कनचा मुलगा त्यो, मला काय म्हाईत नाय. पन तुमच्यातलाच आसंल. भेटला तर सांगा त्याला, मास्तर शेवटपरेंत त्याला नावाजत व्हते."